चोवीस की तीस

मिल्या, तुझा लॅपटॉप माझ्या जेवणाच्या टेबलावर येऊन आज सहा दिवस झाले. शाळेतून यायचं, चहा टाकायचा आणि तुझी ती व्हिडिओ एक्सपोर्ट करायची चौकट उघडून बसायचं, हाच धंदा. फॉरमॅट कोणता? कोडेक कोणता? रिझोल्यूशन किती, फ्रेम रेट किती, बिटरेट किती? शाळेची ऑनलाइन माहिती भरताना मी सरकारला शिव्या घालते, आता तुला घालते. निदान सरकार जागेवर आहे, एखाद्या दिवशी उत्तर तरी देईल.

तू गेलास त्याला महिना होत आला. पुण्यानुमोदन झालं, भंतेजी चांगलं बोलले, आणि आलेल्या प्रत्येकाने तू किती शांत होतास ते मला सांगितलं. मी मान हलवत होते. शांत म्हणे! तुझ्याशी वाद घालताना समोरच्याचं रक्त आटायचं आणि तू हसत बसायचास, याला लोक शांत म्हणत असतील तर म्हणोत. मी तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. मला ठाऊक आहे तू काय होतास.

मंडप निघाला त्या दिवशी संगीताने हा लॅपटॉप माझ्या पिशवीत घातला. तुझी बायको त्या दिवसांत फारसं बोलतच नव्हती. एवढंच म्हणाली, "ताई, हे तुमीच पाहा. बाया रोज इचारून राहिल्या. मले ते उघडाले जमत नाई." जमत नाही म्हणजे काय ते मला कळलं. लाखांदूरहून भंडाऱ्याला येणाऱ्या एसटीत तो मांडीवर घेऊन बसले, आणि घरी आल्यावर एक आठवडा त्याची चेनसुद्धा उघडली नाही.

बाया म्हणजे रोवण्याच्या, धान लावणाऱ्या बाया. आपली धानाची एकुलती एक बांधी, तिच्या बांधावर, त्या धुऱ्यावर, तू आषाढात सागाचा खांब रोवलास, तेलाच्या रिकाम्या पिप्याला भोक पाडून त्यात ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बसवलास, आणि गावाला सांगितलंस की रोपांसाठी पऱ्हे टाकण्यापासून धान पिकेपर्यंत सगळं एका व्हिडिओत दाखवीन. रोज सकाळी लाखांदूरचा स्टुडिओ उघडायच्या आधी जाऊन बॅटरी बदलायचास. रोवण्याच्या दिवशी अकरा बाया चिखलात उतरल्या तेव्हा तर दिवसभर तिथेच होतास. त्यांतल्या कौसल्याकाकूंनी विचारलं होतं, "आमाले कवा दावशील?" तू म्हणालास, "तुमच्याच मोबाइलवर धाडतो ना!" मग तू त्यांचा एक ग्रुप काढलास, त्याला नाव दिलंस 'रोवण्याच्या बाया', त्यात मलाही ओढलंस, आणि एकटा पुरुष म्हणून स्वतः बसलास. चार महिने तो ग्रुप त्या व्हिडिओची वाट पाहत होता. तू शब्द दिलास आणि निघून गेलास. आता तो शब्द माझ्या गळ्यात.

बरं, नुसता शब्द असता तर मी कसाही पाळला असता. एखाद्या दुकानात नेऊन दिला असता लॅपटॉप. पण मला तो तुझ्या मनासारखा हवा होता, आणि तुझं मन शेवटी काय होतं ते मला माहीत नव्हतं. कारण तू विचारलंस आणि मी सांगितलं नाही.

त्या फोनवर येते मी. अजून नको.

पहिल्या प्रयत्नाला मी तुझी सगळी प्रवचनं आठवून बसले. सगळ्यात मोठं रिझोल्यूशन, नवा कोडेक, बिटरेट भरपूर. मशीन दोन तास घूंघूं करत बसलं, पंख्याच्या आवाजाने शेजारच्या बाई विचारायला आल्या की गिरणी घेतली का. फाइल एवढी मोठी झाली की पाठवायलाच एक संध्याकाळ गेली. दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन. "रेखा, हे काय धाडलं वं? काळंच काळं दिसून राह्यलं. अमोशा हाये का?" काकूंच्या जुन्या मोबाइलला तुझा नवा कोडेक उमजतच नाही. दोनशे पासष्ट नको, दोनशे चौसष्ट हवा. एका आकड्याच्या फरकाने अकरा बाया अंधारात गेल्या. हे तुला माहीत होतं ना? मग कुठे लिहून का नाही ठेवलंस? गिऱ्हाइकाच्या लग्नात नवरीची मावशी कोण, मामी कोण हे वहीत लिहायचास, आणि हे नाही!

मग मी चौसष्ट केलं आणि फाइल हलकी व्हावी म्हणून बिटरेट खाली ओढला. पाहते तर काय, धान गायब. बांधीभर नुसतं हिरवं, पोतेरं फिरवल्यासारखं. आणि तेव्हा तुझा आवाज कानात आला, इतका स्पष्ट की मी चिडून लॅपटॉपचं झाकणच लावलं. "ताई, इमारतीचा व्हिडिओ असन त कमी बिटरेट चालते, इमारत उभीच राहते. धानाचं पातं न पातं हालते. हरेक फोटोत सारं बदलते. त्याले बिटरेट लागते, नाईत सारं शेवाळावाणी होते." हे तू मला दोन वर्षांपूर्वी माझ्याच स्वयंपाकघरात सांगितलं होतंस, मी भाजी चिरत होते, आणि मी म्हटलं होतं की मला कशाला सांगतोस, मी काय स्टुडिओ टाकणार आहे? तू म्हणालास, "टाकजो ना, कोन अडवते!"

टाकला बघ. जेवणाच्या टेबलावर.

आपला जुना वाद तर तुला आठवतच असेल. तू आडवा व्हिडिओ म्हणायचास, मी उभा. मी म्हणायची, अरे लोक मोबाइल उभा धरतात, काकू काही मोबाइल आडवा करून पाहणार नाहीत. तू म्हणायचास, बांधी आडवी आहे तर व्हिडिओ उभा कसा होईल? मी म्हणायची, तुला बांधीची पडली आहे, मला पाहणाऱ्याची. दिवाळीत, राखीला, प्रत्येक वेळी हाच वाद. तू गेलास म्हणून हरायचं असं मी ठरवलं नव्हतं, म्हणून एकदा उभा करून पाहिला. सांगायला लाज वाटते, पण सांगते. उभ्या चौकटीत अकरापैकी चारच बाया उरतात. सातजणी बाहेर. काकू डाव्या कडेला होत्या, त्यांचा एक हात तेवढा मधूनमधून आत येतो आणि रोप खोचून जातो. मी तो उभा व्हिडिओ पुसून टाकला. हा वाद तू जिंकलास, घे.

चौथ्या दिवशीचं ऐकलं असतंस तर तू धुऱ्यावर लोळून हसला असतास. फोटो तू चार फोल्डरांत ठेवलेस आणि फोल्डरांना नुसते आकडे दिलेस. कशात काय आहे ते तुझ्या डोक्यात. दुसऱ्या फोल्डरातले फोटो मी ओढून घेतले, व्हिडिओ चालवला, आणि मला वाटलं, वा, हे रोवण्याआधीचं, पऱ्हे खोदण्याचं दिसतं. बाया वाकून पुढे पुढे सरकताहेत, रोपं उपटताहेत, मागे नुसतं चिखलाचं पाणी उरतंय. किती छान टिपलंय पोराने, म्हणून माझे डोळे भरून आले. रडले मी त्यावर, खरंच. मग तो तुकडा तसाच ग्रुपवर पाठवला.

पंधरा मिनिटांत काकू. "काहून वं रेखा, आमी रोवून राह्यलो का उपटून राह्यलो? लुगडं त रोवण्याच्या दिवसाचं हाये माहं!"

फोटो उलट्या क्रमाने आले होते. नवा आधी, जुना नंतर. रोवणारी बाई मागे मागे सरकत रोवते, तेच उलटं फिरवलं की ती पुढे येत पऱ्हे खोदताना दिसते. शहरातला कोणी असता तर त्याला काहीतरी चुकल्यासारखं तरी वाटलं असतं. मी धानाच्या गावची पोर, मला तर त्यात सगळं रीतसर दिसलं. आणि मी ज्यावर रडले ते काय, तर बायांनी दिवसभर रोवलेलं मी संध्याकाळपर्यंत उपटून टाकलं होतं. मला इतका राग आला, मिल्या, की मी मोठ्याने म्हटलं, आकडे कशाला दिलेस रे, नावं द्यायला काय झालं होतं? घरात कोणी नव्हतं. भिंतीवरचं कॅलेंडर तेवढं हललं.

पण त्या दिवशी क्रम सरळ केल्यावर मी पहिल्यांदा नीट पाहिलं. तुझं काम. सांगायचं राहून गेलं होतं ते इथे सांगते, ते फार सुंदर आहे. बाया मागे सरकतात आणि त्यांच्या हातातून हिरवी ओळ निघत जाते. ढगाची सावली बांधीवरून सरसर जाते. मग रोपं चार दिवस पिवळट मरगळलेली, आणि एका सकाळी उभी राहिलेली. माझ्या वर्गात तू मटकीला मोड येतानाचा व्हिडिओ करून दिला होतास, नऊ दिवसांचे सात सेकंद. पोरांनी तो वीस वेळा पाहिला होता आणि मी तुला काय म्हटलं? "नऊ दिवस वर्गात कॅमेरा ठेवून सातच सेकंद?" कौतुक करायला माझी जीभ जड होते, हे तुला ठाऊक होतं म्हणून तू हसलास. ठाऊक नसतं तर? तू मनाला लावून घेतलं होतंस का कधी? हे मी आता कोणाला विचारू?

मग राहिला फ्रेम रेट. आता फोनवर येते.

सहामाही परीक्षा संपली होती, मी शिक्षकांच्या खोलीत पेपर तपासत होते. मधली सुट्टी. तुझा फोन. ना कशी आहेस, ना जेवलीस का. थेट, "ताई, चोवीस ठेवू का तीस?"

मला वाटलं झालं सुरू. सेकंदाला चोवीस फोटो की तीस, यावर तू मला आयुष्यात किमान तीनदा पिळलं होतंस. तुझं ठरलेलं उत्तरही मला पाठ होतं, "पिक्चर चोवीसवर असते ताई. तीसवर केलं का बाया पळत सुटल्यावाणी दिसतेत." उत्तर ठरलेलं असताना विचारतोस कशाला? मी म्हटलं, "काहीही ठेव ना रे! माझं डोकं नको खाऊ, इथे पेपरांचा ढीग पडलाय."

तू म्हणालास, "बरं बरं. मंग बोलतो."

तिसऱ्या दिवशी सकाळी संगीताच्या भावाचा फोन आला.

म्हणून चोवीस. मी तेच ठरवलं. तू जन्मभर चोवीस म्हणत आलास, तर तुझ्या शेवटच्या कामाला मी चोवीसच देणार. बाकी सगळं मी काकूंच्या मोबाइलच्या कलाने घेतलं, कोडेक जुना, रिझोल्यूशन मध्यम, बिटरेट धान दिसेल इतका. पण फ्रेम रेट तुझा. परवा संध्याकाळी शेवटची फाइल निघाली. एक मिनिट साडेबारा सेकंद. मी ती ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, 'मिलिंदने केलेला व्हिडिओ.' मग पदराने टेबल पुसलं. खूप दिवसांनी पोटभर जेवले.

काल रविवार. दुपारी काकूंचा फोन आला. मी वाट पाहत होते, खोटं कशाला बोलू. वाटलं, आता रडतील, मग मीही रडेन.

"रेखा, साऱ्या बायांनी स्टेटसले लावला वं. माह्या पोरीनं सासरी लावला. बेस हाये, लय बेस हाये."

"हो ना काकू?"

"हो. पण धान हिरवाच राह्यला."

मी म्हटलं, हिरवा कसा राहील, शेवटी पिवळा होतो, नीट पाहा. काकू म्हणाल्या, नाही होत. आम्ही सगळ्यांनी पाहिलं, लोंब बाहेर पडते आणि खलास. मी त्यांचं स्टेटस उघडून पाहिलं. खरंच. एक मिनिट झालं की संपतो. स्टेटसला एवढाच बसतो. तुझा धान पिकायला लागतो तो एकसष्टाव्या सेकंदाला. तो सोनेरी भाग, ज्यासाठी तू शेवटचे पंधरा दिवस ताप अंगावर काढून बॅटऱ्या बदलत होतास, तो अकराही मोबाइलवर कापला गेला होता.

माझीच चूक काकू, मी म्हटलं. काकूंनाच वाईट वाटलं. म्हणाल्या, "जाऊ दे, तू कायले जिवाले लावून घेतं? तुले थोडी माहीत होतं. मिलिनले माहीत होतं, तो त म्हणे, काकू, एका मिनटात धान पिकवून देतो. तुमच्या स्टेटसले नाई बसला त कायचा व्हिडिओ!"

"केव्हा म्हणाला?"

"कापणीच्या आधी. धुऱ्यावर आलता ना. बाया जराशा पळतीन म्हणे, चालन का? मी म्हटलं पळू दे बाप्पा, आमी काय बसून थोडीच रोवतो! तवा हासला. म्हणे, ताईले इचारतो अन् पक्कं करतो. तिचंच म्हणनं होतं पयलेपासून."

फोन ठेवून मी मोबाइलमधलं कॅल्क्युलेटर उघडलं. तू काढलेले फोटो सतराशे चाळीस. चोवीसने भागले की साडेबहात्तर सेकंद. तीसने भागले की अठ्ठावन्न.

गाढवा, हे आधी सांगायचं! "चोवीस ठेवू का तीस" हा काय प्रश्न झाला? 'ताई, बायांच्या स्टेटसला बसावा म्हणून तुझ्यासारखं करू का', असं नीट वाक्य बोलला असतास तर तुझं काय गेलं असतं? जन्मभर एकेका फ्रेमवर अर्धा अर्धा तास बोललास आणि ज्या दिवशी बोलायचं होतं त्या दिवशी चार शब्द. पाहणाऱ्याचा विचार कर, पाहणाऱ्याचा विचार कर, म्हणून मी तुझ्या कानीकपाळी ओरडले, आणि तू तो केलास तेव्हा मी पेपर तपासत होते. तू हरायला फोन केला होतास, मिल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि मला वाटलं तू भांडायला केलास.

मला तुझा राग येतो आणि तो जाईल असं वाटत नाही. तुझ्यापेक्षा माझाच जास्त येतो, तोही जाणार नाही. संगीताला हे सांगू की नको ते ठरत नाहीये. बहुतेक सांगेन. तिला निदान हे कळावं की शेवटी तू कशात गुंतला होतास.

आज शाळेतून आले, चहा न टाकताच बसले. सगळं आहे तसं ठेवलं, फक्त त्या एका रकान्यात चोवीस खोडून तीस लिहिलं. अठ्ठावन्न सेकंद. बाया खरंच जराशा पळताना दिसतात, त्यात तुझं काही चुकलं नव्हतं. लोंब येते, वाकते, आणि धान पिकतो, पूर्ण पिकतो, वर दोन सेकंद उरतात. ग्रुपवर टाकला. काकूंनी पाच मिनिटांत लावला.

तेव्हा उत्तर घे. तीस. तीस ठेव, मिल्या. त्या दिवशी एवढं एकच म्हणायचं होतं, आणि मधली सुट्टी संपायला अजून दहा मिनिटं होती.